सैनिकाचे बिऱ्हाड

व्यापारी घरात 'बदली' हा शब्द सहसा कानावर पडत नाही. पेढी जिथे, तिथे घर. आजोबांनी लोटा आणि दोरी घेऊन ज्या गावी पाय टेकले, त्याच गावच्या बाजारपेठेत आज नातू गादीवर बसतो, आणि घराची एक भिंत हलवायची म्हटली तरी चार वडीलधाऱ्यांचा विचार घ्यावा लागतो. अशा घरातील लेक सैन्यातील अधिकाऱ्याला दिली, की दर दोन-तीन वर्षांनी अख्खा संसार पेट्यांत भरून दुसऱ्या प्रांतात नेणे म्हणजे काय, हे त्या घराला पहिल्यांदाच कळते.

लासलगावच्या एका कांदा-व्यापाऱ्याच्या घराला ते मागील वर्षी एप्रिलमध्ये कळले. जावई तोफखान्यात मेजर. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात त्याची नेमणूक होती, त्यामुळे लेक दीड-दोन तासांच्या अंतरावर. रविवारी डबा घेऊन जावे, नातीला मांडीवर घ्यावे आणि दिवेलागणीला परतावे, असा क्रम बसला होता. नात आठ महिन्यांची झाली आणि बदलीचा हुकूम आला. ठिकाण बिन्नागुडी, उत्तर बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील, चहाच्या मळ्यांच्या प्रदेशातील छावणी. अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक.

देवळालीला अशा निरोपांची सवय आहे. ब्रिटिश काळात मायदेशी परतणारे गोरे सैनिक याच छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने थांबत. उष्मा, आजार आणि रिकामपण यांनी त्यांचे डोके फिरे, आणि या गावाच्या नावावरून 'डूलाली' हा शब्द इंग्रजी भाषेत वेडसरपणासाठी रूढ झाला. मेजरच्या घरात मात्र रिकामपणाला जागा नव्हती. घरात माणसे तीन. पती, पत्नी आणि बाळ. शिवाय शेरू नावाचा सहा वर्षांचा लॅब्राडॉर कुत्रा, आणि एका पावसाळ्यात व्हरांड्यात आश्रयाला येऊन तिथलीच झालेली मनी नावाची मांजर.

लेकीचे वडील, ज्यांना घरात लहानथोर सारे 'भाऊ' म्हणतात, यांनी हुकूम ऐकताच आपला हिशेब मांडला. मेजरने पुढे जावे. लेकीने आणि नातीने वर्षभर माहेरी राहावे. बाळ चालू लागले की मग पाहू. मांजर कोठेही राहील. कुत्र्याला पांजरापोळीत ठेवावे. त्या संस्थेला घरातून दरवर्षी देणगी जाते, नाही म्हणणार नाहीत. "नाजूक माल आणि जड माल एका गाडीत भरत नाहीत, बेटा," असे त्यांनी समजावले.

लेकीने वडिलांना उलट उत्तर कधी दिले नव्हते. त्या दिवशीही तिने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "भाऊ, पांजरापोळ ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी असते. शेरूला आम्ही आहोत. त्याने तिथली जागा अडवली, तर ज्याला खरी गरज आहे असे एखादे जनावर बाहेर राहील. आणि माझे म्हणाल, तर सीमेवरची बदली आली की आम्हांला वेगळे राहायचेच आहे, तिथे कुटुंब नेताच येत नाही. जिथे एकत्र राहता येते, ती वर्षेही मी माहेरी काढली, तर मुलीला तिचे वडील दिसणार कधी?"

भाऊंनी त्यावर काही म्हटले नाही. पण त्यांच्या मते प्रश्न सुटलेला नव्हता.

मेजरला ठरल्या तारखेला हजर व्हायचे होते. तो आठ दिवसांत निघाला. उरलेला संसार आवरणे पत्नीवर आले. सैनिकी घरांत ही विद्या एका गृहिणीकडून दुसरीकडे जाते. काळ्या रंगाच्या पेट्या, त्यांवर पांढऱ्या अक्षरांत नाव, हुद्दा, पलटण आणि पेटीचा क्रमांक. झाकणाच्या आतल्या बाजूस आतील वस्तूंची यादी चिकटवलेली. या पेट्या लग्नानंतर एकदा घेतल्या की निवृत्तीपर्यंत साथ करतात. नव्या घरी त्या रिकाम्या होत नाहीत, काही भरलेल्याच राहतात. दोन पेट्या जोडून वर गादी आणि चादर घातली की दिवाण तयार होतो. पडदे मात्र कधीच पुरत नाहीत, कारण प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्यांचे माप निराळे.

शेजारच्या एका कर्नलपत्नीने तिला एक गोष्ट बजावली. शेवटची पेटी अशी भरावी, की ती ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढेल आणि सर्वांत आधी उतरेल. तीत दोन चादरी, एक पातेले, चहा-साखर, तांदूळ आणि मुगाची डाळ, मच्छरदाणी, बल्ब, हातोडी-खिळे, बाळाचे कपडे आणि कुत्र्याचे ताट. नव्या घरातील पहिली रात्र या एका पेटीवर निघाली पाहिजे. बाकीचे सामान ट्रकने केव्हाही येवो.

सामान गेल्यावर सरकारी घर परत करण्याचा सोहळा असतो. घर घेताना जी यादी मिळालेली असते, तीनुसार प्रत्येक खुर्ची, पंखा, नळ आणि काच मोजून द्यावी लागते. जे तुटले असेल त्याची किंमत भरावी लागते. शेरूने लहानपणी कुरतडलेला दरवाजाचा कोपरा त्या यादीत आला आणि त्याचे पैसे निमूट भरले गेले.

पैशाची बाजू व्यापारी वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे. सातव्या वेतन आयोगानंतर दूरच्या बदलीसाठी मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकत्रित बदली अनुदान मिळते, आणि सामानाच्या वाहतुकीचा खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. अधिकाऱ्याला ६,००० किलोपर्यंत सामान नेता येते, तर साध्या शिपायाला १,५०० किलोपर्यंत. ऐकताना हे पुरेसे वाटते. पण नव्या खिडक्यांचे पडदे, बदललेल्या हवेचे कपडे, गॅसची जोडणी, पहिल्या महिन्याचे बाहेरचे खाणे आणि वाटेत फुटलेले सामान हे खर्च कोणत्याही नियमात पूर्ण बसत नाहीत. आणि कुत्रा-मांजर यांच्यासाठी तर खतावणीत स्वतंत्र खातेच नाही.

अमेरिकी सैन्याने या खात्याची दखल अलीकडे घेतली. १ जानेवारी २०२४ पासून तेथील सैनिकाला बदलीच्या वेळी एका कुत्र्याचा किंवा मांजरीचा वाहतूकखर्च परत मिळू लागला. मुख्य भूमीवरील बदलीसाठी ५५० डॉलरपर्यंत आणि समुद्रापलीकडच्या बदलीसाठी २,००० डॉलरपर्यंत. अर्थात तेथेही सारे सुकर नाही. हवाई बेटांवर रेबीज नाही आणि तो येऊ नये म्हणून नियम कडक आहेत. त्वचेखाली ओळखीची चिप, रेबीजच्या दोन लसी आणि रक्ताची तपासणी हे सर्व वेळेत पूर्ण नसेल, तर प्राण्याला १२० दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. म्हणून तेथील सैनिक कुटुंबे प्राण्याच्या कागदपत्रांची तयारी हुकूम हाती पडण्याच्या आधीच करून ठेवतात.

लेकीनेही तेच केले. एका जाड कापडी पिशवीत तिने चार लिफाफे ठेवले. पहिल्यात बदलीच्या हुकुमाची प्रत आणि ओळखपत्रे. दुसऱ्यात बाळाचे लसीकरण-कार्ड. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आता नव्या ठिकाणी द्यावी लागणार होती. छावणीतील डॉक्टरांनी सांगितले, की उत्तर बंगालच्या भागात त्याच सुमारास जपानी मेंदूज्वराची लसही देतात, ती विसरू नये. तिसऱ्यात शेरू आणि मनी यांची लसीकरण-पुस्तिका व पशुवैद्यांचा प्रवासयोग्यतेचा दाखला. हा दाखला प्रवासाच्या अगदी आधी घ्यावा लागतो, महिन्यापूर्वीचा चालत नाही. चौथ्यात तिकिटे. ही पिशवी ट्रकमध्ये जायची नाही, पेटीत जायची नाही, हमालाच्या हातीही द्यायची नाही, असा तिचा दंडक होता.

प्रवासापूर्वी दोन आठवडे शेरूचा पिंजरा घरात उघडा ठेवून त्यात त्याची चादर घातली गेली. तो आपणहून त्यात झोपू लागल्यावरच दार लावण्याचा सराव झाला. मनीसाठी झाकणाची करंडी घेतली आणि तिचे खाणे रोज त्या करंडीतच ठेवले. बाळासाठी नाचणीचे सत्त्व, भाजून दळलेला तांदूळ आणि मूग यांची पूड, उकळलेले पाणी भरलेले दोन थर्मास. नवा पदार्थ प्रवासाच्या आठवड्यात सुरू करायचा नाही, हा नियम बाळालाही लागू आणि कुत्र्यालाही.

खरी अडचण रेल्वेची होती. पाच वर्षांखालील बाळाला तिकीट लागत नाही. कुत्र्याचे तसे नाही. त्याला सोबत बसवून न्यायचे तर वातानुकूलित पहिल्या वर्गात, आणि तेही दोन शय्यांचा कूपे किंवा चार शय्यांची केबिन पूर्णपणे आपल्याच कुटुंबाकडे असेल तरच. इतर कोणत्याही डब्यात त्याला परवानगी नाही. मग तो गार्डच्या डब्यातील पेटीत जातो. कूपे मागण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो मिळाला की नाही, हे गाडीचा तक्ता निघाल्यावरच कळते. आणि कूपेसाठी तिकिटे दोन लागतात. मेजर तर पुढे गेलेला.

"दुसरे तिकीट माझे काढ," भाऊ म्हणाले. लेकीला आश्चर्य वाटले. उन्हाळ कांद्याच्या हंगामात गादी सोडून आठवडाभर बाहेर राहणे भाऊंनी आजवर केले नव्हते. "नातीला एकटीच्या भरवशावर पाठवणार नाही," एवढेच कारण त्यांनी दिले. शेरूचा उल्लेख केला नाही.

नाशिक रोडहून दिल्लीची राजधानी पकडायची आणि पुढे नवी दिल्लीहून दिब्रुगडच्या राजधानीने न्यू जलपायगुडीला उतरायचे, असा बेत ठरला. पहिल्या टप्प्यात नशिबाने साथ दिली. तक्त्यात कूपे आला. पार्सल कार्यालयात शेरूची नोंद झाली, सामानाच्या दराने त्याचा आकार भरला गेला आणि पावती हाती पडली. रात्रभर तो खालच्या शय्येशेजारी अंग मुडपून पडून राहिला. बाळ दोनदा रडत उठले. दोन्ही वेळा लेक जागी होण्याआधी शेरू उठून उभा राहिला होता, हे वरच्या शय्येवर जागे असलेल्या भाऊंनी पाहिले. मनीने मात्र करंडीतून बाहेर यायचे नाकारले आणि दूधही घेतले नाही.

दिल्लीत पुढच्या गाडीपर्यंत काही तासांचा अवधी होता. एप्रिलअखेरचे ऊन. दुपारी तक्ता निघाला, तेव्हा दोन जागा होत्या, पण चार शय्यांच्या केबिनमध्ये. उरलेल्या दोन शय्यांवर दुसरे प्रवासी. नियम स्पष्ट होता. माणसे केबिनमध्ये जाऊ शकत होती. शेरूला गार्डच्या डब्यात जावे लागणार होते. तक्ता निघाल्यानंतर तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. दोन राजधानी तिकिटांची रक्कम लहान नव्हती, आणि पलीकडे मेजर स्थानकावर गाडी घेऊन येणार होता.

लेक काही बोलली नाही. तिने बाळाला छातीशी घेतले आणि वडिलांकडे पाहिले. निर्णय तिला घेता आला असता, पण खर्च वडिलांनी केलेला होता.

भाऊ म्हणाले, "आधी ती जागा पाहू."

गाडी फलाटाला लागल्यावर ते डब्यापाशी गेले. तेथील कर्मचाऱ्याने सौजन्याने पेटी उघडून दाखवली. पत्र्याची, अरुंद, एका बाजूला जाळी. भाऊंनी आत हात घालून पत्र्यावर तळवा टेकवला आणि लगेच काढून घेतला. चाळीस वर्षे त्यांनी कांदा वाघिणींत भरून बंगाल-आसामकडे पाठवला होता. एप्रिलमध्ये बंद डब्यात उष्णता कशी साठते, मधल्या थरातला माल आधी का जातो, न्यू जलपायगुडीला वाघीण उघडल्यावर कोणता वास येतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. कांद्याची नासाडी ते दरवर्षी खर्चात धरत. त्यांनी पेटीकडे पुन्हा एकदा पाहिले, कर्मचाऱ्याचे आभार मानले आणि फलाटावरून परत आले.

"चल, बेटा. आज जायचे नाही."

"भाऊ, तिकिटाचे पैसे..."

"नुकसान लिहून ठेवू. व्यापारात नुकसान लिहायला मी शिकलो आहे."

मेजरचा एक सहाध्यायी दिल्ली छावणीत राहत होता. सैनिकी घरांत अशा वेळी विचारावे लागत नाही. फोन झाला, गाडी आली. त्या घरातही एक कुत्रा होता आणि दोन मुले होती. तीन दिवस भाऊ एका अनोळखी घराच्या बैठकीत झोपले. त्या घरातील गृहिणीने स्वतःच्या मुलांचे जुने अंगडे-टोपडे काढून नातीला दिले आणि म्हणाली, की हेही तिला असेच कोणाकडून तरी मिळाले होते. तिसऱ्या दिवशीच्या गाडीत दोन जागा मिळाल्या, नव्याने अर्ज केला, आणि या वेळी कूपे मिळाला. मनीने त्या सकाळी पहिल्यांदा दूध प्यायले.

न्यू जलपायगुडीला मेजर फलाटावर उभा होता. शेरूला तो दुरून दिसला. बाळाने मात्र वडिलांना ओळखायला काही वेळ घेतला. तीन आठवड्यांत त्या वयाचे मूल बरेच काही विसरते. बिन्नागुडीपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना चहाचे मळे होते, आणि छावणीच्या दारापाशीच पहिली सूचना मिळाली. संध्याकाळनंतर कुत्र्याला अंगणात मोकळे ठेवायचे नाही. या भागात बिबट्या मळ्यांतून फिरतो आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य असते. हत्तीही येतात, म्हणून केळीचे घड बाहेर टांगायचे नाहीत.

ट्रक अजून वाटेत होता. अतिथिगृहाच्या खोलीत सोबतच्या सामानावर पहिले दिवस गेले. पुढे क्वार्टर मिळाल्यावर मनीला दोन आठवडे एकाच खोलीत दार लावून ठेवले. मांजर माणसापेक्षा जागेशी अधिक बांधलेली असते. लगेच मोकळी सोडली तर ती जुने घर शोधायला निघते आणि परत येत नाही. शेरूची गोष्ट उलटी. त्याला जागेचे काही नव्हते. घरातील माणसे मोजून पूर्ण भरली, की तो झोपत असे. बाळाची लस ठरल्या तारखेच्या आठवड्यातच झाली, कारण कार्ड शोधावे लागले नाही.

आज व्यापारी घरांतील मुले-मुलीही बंगळुरूला, दुबईला, अमेरिकेला जातात. बिऱ्हाड हलवण्याचे प्रसंग आता आपल्याही उंबरठ्यावर आले आहेत. सैनिकी कुटुंबांकडून त्यासाठी घेण्यासारखे बरेच आहे. कागद आणि औषधे नेहमी हातातल्या पिशवीत असावीत. पहिल्या रात्रीची पेटी वेगळी असावी. प्राणी न्यायचा असेल तर वाहतुकीचे नियम तिकीट काढण्याआधी वाचावेत, आणि बेत फसला तर काय करायचे तेही आधीच ठरवावे. अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चाची एक ओळ अशी ठेवावी, की ती वापरावी लागली तर घरात कोणी कोणाला दोष देणार नाही. आणि नेमणुकीच्या गावी ओळखीचे एक तरी दार असावे. ते नसेल तर आपले दार दुसऱ्यासाठी उघडे ठेवावे, म्हणजे पुढेमागे कोठे तरी आपल्यासाठीही उघडते.

भाऊ आठवडाभर बिन्नागुडीत राहिले आणि एकटेच परतले. कांद्याचा हंगाम त्या वेळी ऐन भरात होता. गादीवर बसल्यावर त्यांनी खिशातील छोटी वही काढून प्रवासाचा खर्च मोठ्या वहीत उतरवला. दिल्लीच्या वाया गेलेल्या तिकिटांची रक्कम त्यांनी व्यापाराच्या खात्यात धरली नाही, लेकीच्या नावेही लिहिली नाही. घरखर्चात 'शेरू' असे नवे खाते उघडून तिथे मांडली. पांजरापोळीची देणगी त्या वर्षीही नेहमीप्रमाणे गेली.

छोट्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन मापे अजून आहेत. पिंजऱ्याची लांबी आणि रुंदी. खाली लिहिले आहे, 'पुढच्या बदलीच्या वेळी'.